प्रथम क्रमांकाची वस्ती

आमच्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत. वस्त्यांना नंबर आहेत, वस्तीतल्या इमारतींना नंबर आहेत आणि इमारतींतल्या घरांना नंबर आहेत. पत्ता म्हणजे तीन आकडे, संपलं. वाळवंटाच्या कडेला, कास्पियन समुद्राच्या काठावर हे शहर उभं करणाऱ्यांना फार घाई होती, त्यामुळे नावं ठेवण्याचं काम त्यांनी मागाहून येणाऱ्यांवर सोडलं. मागाहून येणाऱ्यांनी ते मनावर घेतलं आणि एकमेकांच्या वस्त्यांना भरपूर नावं ठेवली. रस्ते तसेच राहिले.

इथे दोन माणसं भेटली की आधी तब्येतीची विचारपूस होते, मग बायकामुलांची, मग गुराढोरांची, जरी दोघांनीही आयुष्यात कधी शेळी पाळलेली नसली तरी. त्यानंतर खरा प्रश्न येतो : "कितवीत राहता?" उत्तर ऐकून समोरच्याची एक भुवई वर जाते किंवा दोन्ही खाली येतात. तेवढ्यात माणसाचं शिक्षण, मिळकत आणि त्याच्या मुलीला कसलं स्थळ येणार, हे सगळं नक्की होतं.

अशा या शहरात तोलेगेन अब्दिखालिकोव नावाचे भूगोलाचे शिक्षक अराल्स्कहून नव्या नोकरीवर रुजू झाले. अराल्स्क हे बंदर आहे. बंदराला लागणारं सगळं तिथे आहे, फक्त समुद्र तेवढा आटत आटत निघून गेला. अशा गावात भूगोल शिकवणं जोखमीचं असतं. जुना नकाशा दाखवला तर मुलं हसतात आणि नवा दाखवला तर म्हातारे रडतात. म्हणून तोलेगेननी ज्या शहराचा समुद्र अद्याप जागेवर आहे ते शहर निवडलं. आता वस्ती तेवढी निवडायची होती.

त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सल्ला विचारला. व्यायामशिक्षक म्हणाले, चौदावी. रसायनवाल्या बाई म्हणाल्या, चौदावीत फक्त दिखाऊ लोक राहतात, सातवी घ्या. मुख्याध्यापक म्हणाले, सातवी एके काळी चांगली होती. हे एके काळी म्हणजे नेमकं कधी, असं विचारल्यावर कळलं की मुख्याध्यापक सातवीत राहत होते तेव्हा. प्रत्येक जण आपली वस्ती सोडून बाकी सगळं शहर निकालात काढत होता, आणि ज्याला स्वतःच्या वस्तीची लाज वाटत होती तो पुढच्या वर्षी जिथे जाणार आहे त्या वस्तीची तारीफ करत होता.

तोलेगेनच्या आईला, म्हणजे आपांना, यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. अराल्स्कमध्ये घर आवरत असतानाच त्यांनी आपली अट घातली होती.

"आपा, समुद्र दिसेल असंच घर बघतो," तोलेगेन म्हणाले होते.

"समुद्र बघून झालाय माझा. बघता बघता गेला तो. तू मला एक बाई बघ."

"बाई?"

"चहाला. इथे झैनेप आहे. चाळीस वर्षं झाली, काही काम नसताना दार वाजवते. कधी भांडते, कधी रडते, कधी नुसती बसते. तिकडे माझं दार कोण वाजवणार?"

"आपा, एवढं मोठं शहर आहे..."

"मोठ्याचं मला नको सांगूस. अशी एक बाई ज्या वस्तीत असेल, तिथे मी राहीन. नसेल तर मला आहे तशी परत आणून सोडायचं. कबूल?"

तोलेगेननी कबूल केलं. आईचा शब्द मोडायचा नाही, एवढं त्यांच्यावर घरातून बिंबवलेलं होतं; शिवाय दोन लाखांच्या शहरात चहा पिणारी एक म्हातारी मिळणार नाही, असं भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

पहिलं घर सत्ताविसाव्या वस्तीत मिळालं. सामान अजून जिन्यातच होतं, तोवर इमारतीचे अध्यक्ष दुइसेनबाय हात पसरून पुढे आले. "येरुलिक! आज चूल पेटवायची नाही. आज तुम्ही आमचे!"

येरुलिक म्हणजे नव्या बिऱ्हाडाला जुन्या शेजाऱ्यांनी घातलेलं पहिलं जेवण. तंबूत राहायचे दिवस गेले, पण ही रीत राहिली. त्या संध्याकाळी सगळा मजला लोटला. ताटात उकडलेल्या मांसाचं आणि कणकेच्या पट्ट्यांचं बेशबार्माक वाफाळत होतं, तळून फुगलेल्या बाउरसाकचा डोंगर होता, आणि सर्वांत वडीलधाऱ्या पाहुण्याचा मान म्हणून मेंढीचं उकडलेलं डोकं आपांच्या पुढ्यात आलं. चहाच्या वाट्या आमच्या रीतीप्रमाणे अर्ध्याच भरल्या जात होत्या, म्हणजे पाहुण्याने पुन्हा पुन्हा मागावं आणि बसून राहावं. समोरच्या घरातल्या गुलझान नावाच्या बाईंनी तर आपांना मिठी मारली ती सोडवेना. आपांचे डोळे भरून आले. "सापडली," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. सून आयमान धोरणी होती. ती म्हणाली, "आपा, उद्यापर्यंत थांबू या."

दुसऱ्या दिवशी आपांनी ताजे बाउरसाक तळले आणि गुलझानचं दार वाजवलं. आत पावलं वाजली. दाराच्या भोकातून एक डोळा दिसला.

"कोण?"

"अगं, मी. समोरची. चहाला आले."

"आजी," दार न उघडता गुलझान म्हणाली, "तुमचं झालंय की काल."

आपा बाउरसाक घेऊन परत आल्या. त्यांनी ताट मुलासमोर ठेवलं आणि गुलझानचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तोलेगेन तडक दुइसेनबायकडे गेले.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सर," दुइसेनबाय म्हणाले. "तुमच्या आई फार छान आल्या फोटोत. पण एका बिऱ्हाडाला गुण एकदाच मिळतात."

मग सगळा उलगडा झाला. शहरात त्या वर्षी 'सुशेजार कक्ष' स्थापन झाला होता. माणसं एकमेकांपासून दुरावत चालली आहेत, असं एका परिसंवादात निष्पन्न झालं होतं, आणि जे निष्पन्न होतं त्यासाठी कक्ष काढावाच लागतो. कक्षाने वस्त्यांची शेजारधर्म-क्रमवारी सुरू केली. नवागत कुटुंबास येरुलिक दिल्यास वस्तीस दहा गुण; वडीलधाऱ्यास डोक्याचा मान दिल्यास पाच; मिठीस दोन; प्रसंगी डोळ्यांत पाणी आल्यास जादा दोन. पाणी कुणाच्या डोळ्यांत, हे परिपत्रकात स्पष्ट नव्हतं, त्यामुळे दोन्ही पक्षांनी रडावं असा सर्वसाधारण प्रघात पडला. पहिल्या येणाऱ्या वस्तीला नवे बाक, नवं डांबर आणि मुलांसाठी घसरगुंडी मिळणार होती.

नवागत कुटुंब पहिल्या जेवणानंतर 'स्थायिक' होतं. स्थायिकांना शेजारधर्म लागू नव्हता.

"मग स्थायिकांनी करायचं काय?" तोलेगेननी विचारलं.

"पुढच्या नवागताची वाट बघायची. आणि वर्गणी द्यायची."

तोलेगेन हताश होऊन घरी आले, तर दारात एक अनोळखी गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन उभे. ते अकराव्या वस्तीचे अध्यक्ष होते. अकरावीत वसंतापासून एकही नवागत आलेला नव्हता आणि वस्ती क्रमवारीत घसरत चालली होती. "तीन खोल्या आहेत, पहिला महिना भाडं नाही. ट्रक आमचा, हमाल आमचे. तुम्ही फक्त या."

"आम्ही कालच आलोय इथे."

"म्हणूनच तर! अजून ताजे आहात."

तोलेगेननी विचार केला. आईला बाई हवी आहे, ती इथे नाही, तिथे असू शकते. भाडं नाही, हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला नाही. तो आपोआप आत आला.

अकरावीत पुन्हा जेवण झालं, पुन्हा मिठ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लागलेलं. मग सोळावी. मग एकतिसावी. दर महिन्याला ट्रक येई आणि नव्या वस्तीतले अनोळखी लोक त्यांना पाहून आनंदाने वेडे होत. एकतिसावीत आपांपुढे मानाचं डोकं ठेवलं तेव्हा त्यांनी ते निरखून पाहिलं. डावीकडचा एक दात तुटलेला होता.

"आयमान," आपा म्हणाल्या, "ही मेंढी मला सोळावीत भेटलीय."

"हळू बोला, आपा."

"हळू काय? अकरावीतही हीच होती. आता माझी तिच्याशीच ओळख झालीय, दुसरं कुणी बोलतच नाही या गावात."

रीतीप्रमाणे डोक्याचा कान कापून वाटायला आपा सुरी घेऊ लागल्या तेव्हा यजमानांनी घाईघाईने ताट मागे ओढलं. चार वस्त्यांनी वर्गणी काढून ते डोकं एकत्र घेतलं होतं, आणि मधल्या दिवसांत ते सामायिक फ्रीजमध्ये राहत असे. कापायचं नव्हतं, फक्त फोटो काढायचा होता.

हळूहळू शहरातले खरे नवागत संपले. तेव्हा आठवी आणि नववी या वस्त्यांनी आपसांत ठराव केला : आठवीतली वीस कुटुंबं नववीत जातील, नववीतली वीस आठवीत येतील, दोन्हीकडे येरुलिक होईल आणि पुढच्या महिन्यात मंडळी आपापल्या घरी परततील. परततील तेव्हा ती पुन्हा नवागतच! युक्ती इतकी बिनतोड होती की पंधरवड्यात सगळ्या वस्त्यांनी ती उचलली. रस्त्यांवर ट्रकांची रांग लागली. लोक आपलं घर कुठलं ते विसरू लागले. एका गृहस्थांनी चुकून स्वतःच्याच बायकोला नवागत समजून मिठी मारली आणि दोन गुण मिळवले. समुद्राकडे पाठ करून सगळं शहर सामान बांधत होतं. कक्षाच्या अहवालात मात्र शेजारधर्म तिपटीने वाढलेला दिसत होता, आणि अहवालात खोटं काहीच नव्हतं.

या धामधुमीत कक्षाच्या प्रमुख मराल सेइतकाझीना यांनी तोलेगेनना बोलावून घेतलं. सर्वाधिक वस्त्यांत नवागत राहिलेला माणूस म्हणून त्यांची ख्याती वर पोहोचली होती.

"तुमच्यासारखा अनुभव कुणाकडे नाही," मरालबाई म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला कक्षाचे मानद सल्लागार करतोय. अंतिम क्रमवारीवर तुमची सही असेल."

"पण माझ्या आईला अजून चहाला एक बाईसुद्धा..."

"ते वैयक्तिक झालं. आपण शहराबद्दल बोलतोय."

तोलेगेनना खुर्ची मिळाली, खुर्चीमागे खिडकी मिळाली, आणि माणसाची मान किती लवकर ताठ होते याचा प्रत्यय घरच्यांना आला. "आपा, थोडा धीर धर. आता सगळं माझ्याच हातात आहे," ते म्हणाले. आपांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या.

अदलाबदलीत पुढचा महिना चौथीत काढायचा होता. चौथी ही सगळ्यांत जुन्या वस्त्यांपैकी एक. रंग उडालेला, जिन्यात मांजरं, आणि भिंतींतून पाण्याचे नळ रात्रंदिवस कुरकुरणारे. तिथे येरुलिक झालंच नाही. अध्यक्ष वारले होते आणि नवा नेमायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सामान लावून होतं न होतं तोच दारावर धडाधड थापा पडल्या. दारात एक जाडजूड रशियन म्हातारी, अंगात फुलाफुलांचा गाऊन, हातात लाटणं.

"कोण ठोकतंय मघापासून? माणसानं जगायचं की नाही?"

"मी ठोकतेय," आपा पुढे झाल्या. "कणीक आहे ती. कणीक काय न मळता खातात का तुमच्यात?"

"आमच्यात दुपारी झोपतात!"

"मग लाटणं कशाला आणलंस? झोपेत लाटतेस?"

म्हातारीने हातातल्या लाटण्याकडे पाहिलं. तिला हसू आलं. ते लपवायला ती आणखी जोरात ओरडली, आणि ओरडता ओरडता आत येऊन खुर्चीवर बसली. तिचं नाव क्लावा. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात तिची सगळी नोकरी गेली होती, नवरा गेला होता आणि मुलगा रशियात, समाराला राहत होता.

दुसऱ्या दिवशी आपा तिच्याकडे गेल्या आणि पाच मिनिटांत तणतणत परत आल्या. "हाकलून दिलं मला! वाटी काठोकाठ भरली!"

आमच्यात भरलेली वाटी म्हणजे 'निघा आता' असा निरोप असतो, हे क्लावाला साठ वर्षं इथे राहून कुणी सांगितलं नव्हतं, कारण साठ वर्षांत कुणी तिच्याकडे चहाला गेलंच नव्हतं. संध्याकाळी ती जाब विचारायला आली, "माझा चहा टाकून का गेलीस गं?" पुन्हा भांडण झालं, पुन्हा चहा झाला. ती जाम आणायची, आपा दूध घालायच्या, आणि दोघी एकमेकींच्या चहाला नावं ठेवत सगळाच्या सगळा संपवायच्या. आपा झोपताना गुणगुणू लागल्या. आयमानने हे गुणगुणणं अराल्स्क सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. तिला त्या अंधारात एकटीलाच रडू आलं, आणि त्याचे गुण कुणालाही मिळाले नाहीत.

"आता ट्रक नको," आपा मुलाला म्हणाल्या. "ही वस्ती ठरली."

आणि नेमकी त्याच आठवड्यात कक्षाची तपासणी आली. चौथीचा तक्ता मरालबाईंनी तोलेगेनपुढे सरकवला. येरुलिक : शून्य. मिठ्या : शून्य. डोक्याचा मान : नाही. दारात येऊन आरडाओरडा : रोज. शस्त्रसदृश वस्तू : एक, लाकडी.

"ती माझ्या आईची मैत्रीण आहे," तोलेगेन म्हणाले.

"नोंद आहे का तशी? फोटो?"

"नाही."

"मग ती तक्रार आहे." मरालबाई मायेने हसल्या. "आणि सर, सल्लागारानेच शेवटच्या क्रमांकाच्या वस्तीत राहणं बरं दिसतं का? पहिल्या आलेल्या वस्तीत तुमच्यासाठी घर ठेवलंय. समुद्र अगदी पायाशी. राहायचं असेल तर क्रमवारी आणि घराचा करार, दोन्ही कागदांवर आजच सही करा."

तोलेगेननी खिडकीबाहेर पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. आईने घातलेली अट त्यांना आठवत होती, शब्दन्‌शब्द आठवत होती. त्यांनी सही केली.

घरी आले तेव्हा दोघी म्हाताऱ्या चहा पीत होत्या.

"ही वस्ती सगळ्यांत वाईट, असं तू लिहून दिलंस म्हणे," आपा म्हणाल्या. आमच्या शहरात बातमीला पत्ता लागत नाही.

"निकषांप्रमाणे, आपा. मी तरी काय करणार?"

"बरं केलंस. आता इथे गर्दी होणार नाही."

"आपा, आपल्याला सोमवारी निघायचंय. नवं घर आहे. लिफ्ट आहे, समुद्र आहे..."

"तू नीघ. क्लावाकडे मुलाची खोली रिकामी आहे."

तोलेगेननी आधी दार ओढून घेतलं. "लोक काय म्हणतील? धडधाकट मुलगा असताना आई परक्या बाईच्या घरी!"

"लोकांना कागद दाखव," आपा शांतपणे म्हणाल्या. "कागदावर मी तुझ्याकडेच असेन. कागदावर तर मी चार वस्त्यांची लाडकी आहे."

मायलेक आपल्या भाषेत बोलत होते, त्यामुळे क्लावाला सगळं बोलणं कळलं नाही, पण तोलेगेनच्या चेहऱ्यावरून जेवढं कळायचं तेवढं कळलं. तिने त्यांच्यासाठी एक वाटी काढली आणि या खेपेला समजून उमजून काठोकाठ भरली.

सोमवारी ट्रक निघाला. आयमान गेली, पण रोज तोलेगेनचा शाळेचा डबा भरून झाला की बस पकडून चौथीत येऊ लागली. नव्या वस्तीत जेवण दिमाखात झालं, बाक आले, डांबर पडलं, घसरगुंडीला फीत कापली. मग दारं लागली. एका रविवारी तोलेगेन घरात एकटेच होते. खिडकीत समुद्र होता आणि तो जसा दिसायचा तसा दिसत होता. त्यांना आईची फार आठवण झाली. ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्या घराची घंटी वाजवली.

आत पावलं वाजली. भोकात एक डोळा दिसला. "कोण?"

"मी. समोरचा."

"काय काम आहे?"

तोलेगेननी आठवून पाहिलं. काम काहीच नव्हतं. ते घरात परतले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आता वाचकहो, एवढं सगळं वाचताना तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय, हे आम्हाला ठाऊक आहे. पहिली आली ती वस्ती कितवी? आम्ही सगळ्यांचे नंबर सांगितले, तेवढाच सांगितला नाही, आणि तुम्ही मागची पानं चाळून तो शोधूनही आला असाल. चौथीत घर मिळेल का, असं मात्र तुमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही. असो, नंबराची गरजच नाही, खुणा सांगतो. लिफ्ट चालू असते, जिना लख्ख असतो, कुणी कुणावर कधी ओरडत नाही, आणि समोरच्या घरात कोण राहतं ते कुणालाच माहीत नसतं. तिकडे जायला ट्रक मागवू नका. सामान लावून तुम्हाला तिथे बरीच वर्षं झाली आहेत.